चुन्याचे ठिपके आणि जुना तांदूळ

आधी नाव लिहितो, कारण एकदा ते लिहायचं मी टाळलं होतं. हिराबाई. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही भावंडं तिला आत्ती म्हणायचो आणि हळूहळू सगळं गावच तिला आत्ती म्हणायला लागलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यात पौडच्या शाळेतल्या मास्तरांचा वाटा आहे, उरवड्याच्या कंपनीत पाळ्या करून थकलेल्या दादांचा, म्हणजे वडिलांचा आहे, चिखलात अर्धं आयुष्य वाकून काढलेल्या आईचा आहे. पण आकडा म्हणजे काय, तो वर का चढतो आणि खाली का येतो, हे मला ज्या बाईनं शिकवलं तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. पुढे माझी सगळी नोकरी बाजारभावांचे तक्ते करण्यात गेली. त्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, या विषयाची गोडी कशी लागली? मी कॉलेजचं नाव सांगितलं. आज बावधनच्या या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिताना त्या उत्तराची लाज वाटते.

आत्ती लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ताम्हिणीकडच्या सासरहून परत आली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. दादांनी विहिरीखालचं एक भातखाचर तिला करायला दिलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बहीण हाय, पाव्हनी न्हाई." त्या खाचरात ती फक्त आंबेमोहर लावायची. बाकी आमच्या शेतात जाडा तांदूळ, वरकस रानात नाचणी आणि वरई. आंबेमोहर ओंबीत आला की बांधावरून जाणारा माणूसही थबकायचा, इतका वास सुटायचा. तो तांदूळ आमच्या ताटात मात्र येत नसे. आम्ही जाडा भात, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि दिवसांप्रमाणे कुर्डूची नाही तर भारंगीची भाजी खायचो. आत्तीचं भात माजघरातल्या तिच्या कणगीत जायचं. शेणानं लिंपलेली, माझ्या छातीएवढी उंच कणगी. आत कडुलिंबाचा पाला, वर राख, त्यावर गोणपाट. कणगी वर्षभर बंद. नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा होतो आणि पचायला हलका, म्हणून पावसाळ्यात शहरातली माणसं जुन्यासाठी जादा पैसे मोजतात, एवढं तिनं कधीच ओळखलं होतं. तिच्या मौल्यवान वस्तूही त्या भातातच असायच्या. चांदीचे दोन वाळे, नवऱ्याचा एकुलता एक फोटो, माझी दहावीची गुणपत्रिका. "कागद भातात ऱ्हायला म्हंजे कसर लागत न्हाई," असं तिचं म्हणणं. माझ्या परीक्षेच्या दिवशी मात्र ती कणगीतून ओंजळभर भात काढून उखळात कांडायची आणि माझ्यापुरता मऊ भात करायची. वर तूप. शेजारी बसलेली माझी धाकटी बहीण मंगल त्या वाफेकडे बघत राहायची. मग आत्ती म्हणायची, "तुजीबी परीक्षा यील की गं. तवर वास घे."

मला अक्षरओळख झाल्यापासून एक काम ठरलेलं होतं. एसटीनं आलेला पेपर चहाच्या टपरीवर दिवसभर फिरून संध्याकाळी आमच्याकडे यायचा, आणि आत्ती चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणायची, "सदा, वाच की. काय भाव फुटला?" बाकीच्या बातम्यांशी तिचं देणंघेणं नव्हतं. मी बाजारभावाचं सदर मोठ्यानं वाचायचो. कांदा, बटाटा, तूरडाळ, शेंगदाणा, गूळ. भाकरी थापायचा आवाज मध्येच थांबला की समजायचं, आकडा तिला पटलेला नाही.

"तूर चढली? का चढली सांग बरं."

"मला काय माहीत, आत्ती."

"आरं, गेल्या साली तूर मातीमोल गेली, तवा लोकांनी औंदा पेरलीच न्हाई. आता मालच न्हाई, म्हून महाग झाली. आता समदे तूर पेरतील बघ. मंग फुडल्या साली परत मातीमोल. मानसाला गेल्या सालाचंच याद ऱ्हातं."

पुढे कॉलेजात हेच मी जाड पुस्तकातून आकृत्यांसकट शिकलो, तेव्हा माझ्या नाकाशी भाकरी भाजल्याचा वास आला होता. कांदा चढला की आत्ती आईला म्हणायची, "आता चार रोज फोडनीला लसूनच." आणि टोमॅटो उतरले की आमच्या घरी आठवडाभर टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, टोमॅटो घातलेलं पिठलं. दादा ताटाकडे बघून म्हणायचे, "आजबी लालच का?" आई उत्तर द्यायची, "वन्संना इचारा. भाव त्येंच्याच हातात हाय."

परवा आमच्या सोसायटीच्या मोबाइलवरच्या गटात टोमॅटोच्या भावावरून दिवसभर हळहळ चालली होती. चार महिन्यांनी तेच टोमॅटो कुणीतरी रस्त्यावर ओतेल आणि तेव्हा गटात कुणाला त्याची आठवण राहणार नाही, हे मला माहीत होतं.

आता ठिपक्यांचं सांगतो. आत्ती तंबाखू खायची, त्यामुळे तिच्याजवळ चुन्याची डबी कायम असे. दर आठवड्याला ती पौडच्या बाजाराला जायची, तांदूळ घेणाऱ्या शेठच्या दुकानात आंबेमोहराचा भाव विचारायची आणि घरी आली की हातपाय धुवायच्या आधी बोटावर चुना घेऊन कणगीमागच्या मातीच्या भिंतीवर एक ठिपका द्यायची. भाव आठ आण्यांनी चढला तर आधीच्या ठिपक्यापेक्षा एक बोट वर, उतरला तर एक बोट खाली. पुढचा ठिपका नेहमी एक बोट उजवीकडे. नवं भात आलं की काव कालवून एक उभी तांबडी रेघ. मग पुढचं वर्ष सुरू. भिंतीची ओळ संपली की दोन वीत खाली दुसरी ओळ. घर सारवताना आई ती जागा सोडून सारवायची. ठिपके द्यायला आत्तीला कुणी शिकवलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "डोस्क्यात ऱ्हात न्हाई म्हून भितीला सांगते." लहानपणी मला ती चांदण्यांची ओळ वाटायची. दिवाळीपाशी खाली बसलेली, कारण तेव्हा सगळ्यांचं भात एकदमच बाजारात येतं आणि शेठ पाडून मागतो. मग हळूहळू चढत जाऊन गौरी-गणपतीपाशी सगळ्यात उंच. दरवर्षी तीच टेकडी, थोडी लहान, थोडी मोठी. त्या टेकडीच्या माथ्यावर ती आपला तांदूळ विकायची. त्यातून माझी वह्या-पुस्तकं आली, पुढे कॉलेजची फी आली, खोलीचं भाडं आलं.

शेठ तिला चिडवायचा. "हिराबाई, बाकीच्यांनी कधीच विकला. तुम्ही काय तांदळाला शाळेत घातलाय का, दरवर्षी वरच्या वर्गात?" आत्ती म्हणायची, "तुमी पास करत न्हाई तवर ऱ्हाऊ द्या त्याला वर्गात."

पदवीच्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी काम दिलं: एका शेतमालाच्या भावाचा अनेक वर्षांचा तक्ता काढा आणि त्यावर टिपण लिहा. बाकीची मुलं ग्रंथालयात बसली. मी संक्रांतीच्या सुटीत घरी आलो, आलेखाचा कागद घेतला, कंदील धरायला मंगलला उभं केलं आणि आत्तीच्या भिंतीवरून एकेक ठिपका उतरवून घेतला. अकरा वर्षांच्या अकरा टेकड्या. आत्ती उंबऱ्यात बसून ऐकत होती. "माजं ठिपकं कालिजात चाललं व्हय? मंग त्येंलाबी कापडं घाल बरी," म्हणाली, आणि खूप वेळ हसत राहिली.

दिवाळीनंतरचे शेवटचे दहा-बारा ठिपके मात्र विचित्र होते. एक एकदम चार बोटं वर, पुढचा जवळजवळ जमिनीकडे, दोन एकमेकांवरच बसलेले. मी आत्तीला विचारलं, "औंदा बाजार लई हलतोय का गं?" तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "हलतुया खरा." मी ते तसेच उतरवले. इतकंच नाही, तर त्यावर एक लांबलचक परिच्छेद लिहिला. या वर्षी भावात कधी नव्हे एवढी अस्थिरता का आली असावी याची चार कारणं दिली. साठेबाजी, वाहतूक, हवामान आणि चौथं काय होतं ते आता आठवत नाही. सरांना तोच परिच्छेद सर्वांत आवडला. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. "ही माहिती कुठून मिळवलीस?" त्यांनी विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. शहरातली मुलं, इस्त्रीचे शर्ट. भिंतीवरून, असं माझ्या तोंडातून निघेना. तक्त्याखाली माहितीचा आधार लिहायची जागा होती. तिथे मी लिहिलं, "पौड येथील बाजार."

परीक्षा संपवून वैशाखात घरी आलो. आत्ती थोडी धांदरट झाली होती. उंबऱ्याला ठेच लागायची, दूध भांड्याबाहेर ओतलं जायचं, शेजारी उभं असलेलं माणूस बोलल्याशिवाय तिला कळायचं नाही. आम्ही हसायचो, तीही हसायची. एक दिवस मी ओट्यावर बसलो असताना ती येऊन टेकली आणि म्हणाली, "सदा, तांदूळ औंदा लवकर इकावा म्हन्ते."

"का गं?"

"डोळं जरा दाखवायचं व्हतं पुन्यात. पौडला शाळंत तपासनी व्हती, तितं गेल्ते. डाक्टर म्हनला लवकर जा."

"चष्मा लागला असेल तुला. वय झालं की लागतो."

"आसंल. मंग इकू का?"

मी आत जाऊन माझ्या तक्त्याची नक्कल घेऊन आलो. मी तिच्यापुढे तो कागद पसरला. तिला तो दिसत नव्हता, हे मला कळलं नाही. मी बोट फिरवून तिला तिचीच टेकडी समजावून सांगितली. म्हणालो, आता विकलास तर अर्ध्या वाटेवर विकल्यासारखं होईल. औंदा तर बाजार इतका हलतोय की गौरीपर्यंत भाव कधी गेला नव्हता इतका वर जाईल. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. चष्मा काय, तेव्हा सोनेरी काड्यांचा घेऊ.

ती ऐकत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू शिकलायस. तुज्या कागदात बसलंय तर खरंच आसंल." दादांनी दोनदा म्हटलं, "मी पगारातनं देतो की, जाऊन ये." पण ती ऐकेना. "माज्या डोळ्याला माजा तांदूळ. पोरानं हिशेब केलाय, त्यो मोडू नगं." दादा माझ्याकडे बघायचे आणि पाळीला निघून जायचे. घरात दोन माणसांचा शब्द आता त्यांच्या शब्दाच्या वर गेला होता, एक थोरल्या बहिणीचा आणि एक शिकलेल्या मुलाचा.

पावसाळा आमच्याकडे चार महिने घर धरून बसतो. आत्ती चुलीजवळची हलली नाही. बाजाराला मंगल जायला लागली, ती भाव विचारून यायची आणि आत्ती कणगीमागे जाऊन ठिपका द्यायची. मी निकालाच्या, मग नोकरीच्या खटपटीत पुण्याला ये-जा करत होतो. आणि भाव चढला. माझ्या तक्त्यात बसला होता तसाच, किंबहुना त्याच्याही वर. गौरी बसायच्या आठवडाभर आधी शेठ स्वतः आमच्या दारात आला. आजवर असं कधी झालं नव्हतं. म्हणाला, "हिराबाई, आता तरी तुमचा गडी पास करा." मला वाटलं, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस आहे.

कणगी फोडली. मंगल आणि मी सुपानं भात पोत्यात भरत होतो. त्या सळसळीत घरभर जुन्या भाताचा गोडसर वास पसरला होता. तळाशी वाळे लागले, फोटो लागला, माझी गुणपत्रिका लागली, आणि त्याबरोबर एक घडी केलेली चिठ्ठी. मी उलगडली. पौडच्या तपासणीतल्या डॉक्टरांनी दिलेली. काचबिंदू, दोन्ही डोळे, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, ताबडतोब पाठवा. कागद दिवाळीच्या आसपासचा होता. तिला तो वाचता येत नव्हता. तांदूळ निघेल तेव्हा डोळ्यांचंही निघेल, म्हणून तिनं तो भातात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी तिला पुण्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि आम्हाला बाजूला बोलावलं. उजवा डोळा गेला आहे. डाव्यात समोरचा एक तुकडा उरला आहे, सुईच्या नेढ्यातून दिसावं तेवढा. थेंब घालत राहिलात तर कदाचित काही वर्षं टिकेल. या आजारात गेलेलं परत येत नाही, असलेलं फक्त राखता येतं. "उन्हाळ्यात जरी आणलं असतं," ते म्हणाले, आणि थेंबांची चिठ्ठी लिहायला लागले. दादा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. आत्ती बाकावर बसली होती, हातात पिशवी घट्ट धरून. मी जवळ जाऊन बसलो तर माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून तिनं विचारलं, "काय म्हनला?" मी तिच्या हातातली पिशवी घेऊ लागलो. मग तिनंच माझी समजूत काढावी तसं विचारलं, "पर भाव लागला न्हवं? तुज्या कागदापरमानंच लागला ना?"

"व्हय, आत्ती."

"मंग झालं. माजा सदा चुकला न्हाई."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी घरीच होतो. मंगल पौडहून आली, भाव सांगितला. कणगी रिकामी होती, विकायला दाणाही नव्हता, तरी आत्ती सवयीनं उठली. डबीतला चुना बोटावर घेतला आणि भिंतीशी गेली. डाव्या हातानं चाचपत शेवटचा ठिपका शोधायला लागली. वाळलेला चुना हाताला लागेना. हात वर गेला, मग खाली, मग एका जुन्या वर्षाच्या ओळीवर थांबला, आणि तिथे, दोन वीत खाली, तिनं तो ठिपका ठेवला. अगदी काळजीपूर्वक. मग मागे सरकून समाधानानं हात पुसला.

मी दारात उभा होतो. माझ्या तक्त्यातली ती असाधारण अस्थिरता, ती चार कारणं, तो वर्गात वाचला गेलेला परिच्छेद, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. बाजार हलत नव्हता. त्या हिवाळ्यात बाजार नेहमीसारखाच संथ चढत होता. तिची नजर जात होती आणि ती आठवड्याआठवड्याला ते भिंतीवर लिहीत होती. ते ठिपके वाचता येणारा घरात मी एकटा होतो.

ते घर आता नाही. पाडून तिथं दोन मजली सिमेंटचं बांधलंय, वरच्या खोल्या कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिल्यात. खाचराचा प्लॉट झाला. आंबेमोहर मी इथं दुकानातून पाकिटात आणतो, त्यावर भाव छापलेला असतो. आत्ती त्यानंतर बरीच वर्षं जगली, शेवटची काही पूर्ण अंधारात. मला तिनं एकदाही बोल लावला नाही, आणि त्यामुळेच मी कधी हलका झालो नाही. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिला एक पत्र लिहिलं होतं. मंगलनं ते वाचून दाखवलं होतं. आत्ती गेल्यावर तिच्या चुन्याच्या डबीखाली ते सापडलं, मंगलनं मला आणून दिलं. मागच्या कोऱ्या बाजूला, अगदी कडेला, एक पांढरा ठिपका आहे. पत्र असं:

तीर्थरूप आत्तीस,

सदाचा साष्टांग नमस्कार.

मंगल, हे हळू वाच आणि काही गाळू नकोस.

आत्ती, आधी भाव सांगतो. कांदा उतरलाय, आईला सांग फोडणीला बिनधास्त घाल. तूरडाळ या पंधरवड्यात दोनदा चढली. तू म्हणाली होतीस तसंच, गेल्या वर्षी कुणी पेरली नव्हती. गूळ आहे तिथंच आहे. शेंगदाणा थोडा वर. जुना आंबेमोहर मी इथं दोन दुकानांत विचारला, आपल्या तांदळाला लागला त्याच्या जवळपासही नाही. आता दर आठवड्याला मी असेच भाव लिहून पाठवीन.

नोकरीत माझं काम भाव टिपायचं आहे. तू करायचीस तेच, फक्त चुन्याऐवजी शाई. साहेबांनी पहिल्याच दिवशी माझा तक्ता बघून शाबासकी दिली. मी त्यांना सांगितलं नाही की मला एकदा वाचता आलं नव्हतं. तुला सांगतो. त्या वर्षीचे तुझे ठिपके चुकले नव्हते. मी त्यात बाजार वाचला. तू मला विचारलंस, इकू का, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघायला हवं होतं, मी कागदाकडे बघितलं. तू म्हणालीस माझा सदा चुकला नाही. आत्ती, मी चुकलो. एवढं एकदा तुझ्या कानावर पडू दे. तू माफ केलंयस हे मला माहीत आहे, तरी पडू दे.

थेंब सकाळ-संध्याकाळ घालत जा. या पगारातून ते येतील, त्यासाठी कशाचीही वाट बघायची नाही.

मंगलनं हे वाचून संपवलं की आता भिंतीपर्यंत चाचपडत जाऊ नकोस. या कागदाच्या मागच्या बाजूला एक ठिपका दे. मंगल, तिचा हात धरू नकोस. वर पडो, खाली पडो, कडेला पडो, जिथं पडेल तिथं राहू दे. मी आलो की बघीन, आणि या वेळी नीट वाचीन.

तुझा,
सदा